रोज एक तास, नऊ महिने: चित्रकलेचं बेसिक पहिल्यापासून शिकल्यावर काय फरक पडला

तान्हा पोळा, म्हणजे बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा सण, झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज चित्र काढायला बसते, आता जून लागला म्हणजे नऊ महिने झाले. सुरू करायच्या आधी मी असा कोणाचा पूर्ण अनुभव शोधत होती, दहा-पंधरा दिवसांचा नाही, चांगला सहा-आठ महिन्यांचा, आणि तोही गावात राहणाऱ्या माणसाचा, ज्याला क्लास लावता येत नाही आणि घरचं काम सोडता येत नाही. तो सापडला नाही म्हणून स्वतःच लिहिते.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाऊज, ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म शिवते, सीझनला वावरात जाणं आहेच. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, बी आणि सी ग्रेड आली. पुढं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, करायची खूप इच्छा होती, राहून गेली. तेव्हा स्मरणचित्राच्या पेपरला आम्ही बाजार, पाणवठा, बैलपोळा अशी दोन-तीन चित्रं पाठ करून जायचो आणि विषय कोणताही येवो तेच फिरवून काढायचो. हे मुद्दाम सांगते कारण मी एवढी वर्षं अडकली होती ती याच सवयीत, फक्त ते कळायला उशीर लागला.

पहिले दोन महिने मी रोज काढलं, एक दिवस चुकवला नाही, आणि काहीच सुधारलं नाही. खरंच काही नाही. मोबाईलवरचे चेहरे बघून काढायची, डोळे मोठे, पापण्या लांब, केसांच्या बटा, घरचे म्हणायचे छान आहे. दिवाळीनंतर एक दिवस सगळी पानं जमिनीवर पसरली तर पहिलं पान आणि साठावं पान सारखंच होतं, उलट साठाव्यात चुका जास्त सफाईनं केलेल्या होत्या. तेव्हा डोक्यात शिरलं की रोज काढल्यानं हात चालतो पण डोळा आहे तिथंच राहते. आपल्याला जे पाठ आहे तेच आपण काढतो, समोर काय आहे ते बघतच नाही.

मधे एका ऑनलाईन कोर्सला १,४९९ रुपये भरले होते. नाव घेत नाही. त्यात व्हिडिओ सगळे पळवलेले, चित्र होताना दिसते पण काहून तशी रेघ मारली ते कोणी सांगत नाही, आणि होमवर्क पाठवलं तर कधीच कोणी पाहिलं नाही. ते पैसे माझ्या शिलाईचे होते, बरेच ब्लाऊज जातात त्यात, म्हणून सांगते की आपली चूक कोण दाखवणार आहे हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

मग मी बेसिकला आली. सरळ रेघ, डबा, नळा, गोळा, उजेड-सावली, बस. सामान म्हणाल तर झेरॉक्स पेपरची एक रिम, ५०० पानं, दोन्ही बाजूंनी वापरली, परीक्षेचं पॅड, अप्सराच्या २बी आणि ६बी पेन्सिली, आणि रेघांच्या सरावासाठी साधा बॉलपेन. बॉलपेन यासाठी की खोडता येत नाही, मग रेघ मारायच्या आधी माणूस थांबते, दोन्ही टोकं बघते, हवेतच एक-दोनदा हात फिरवते आणि मग मारते. लहान रेघ मनगटातून, पण लांब रेघ खांद्यातून मारायची, हे मला कापडावर खडूनं मार्किंग करताना माहीत होतं, कागदावर कधी केलं नव्हतं! पहिले पंधरा दिवस खांदा दुखला, नंतर नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या घरी पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, आहे पितळी, तो मी काढला तर तोंडाशी केळीसारखी दोन टोकं आलेली. गोल वस्तू तिरकी दिसली की लंबगोल होते हे शाळेत शिकवलं होतं, पण त्याला कुठंच टोक नसते, दोन्ही बाजूंनी ते वळूनच जाते. आणि दुसरं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं: गुंडाचं तोंड डोळ्याच्या जेवढं जवळच्या उंचीवर तेवढं ते चपटं, जेवढं खाली तेवढं उघडं. म्हणून गुंड जमिनीवर असला तर बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त भरलेली येते, सपाट रेघ मारून बूड संपवलं की गुंड हवेत तरंगते. मी गुंड एका दिवशी ओट्यावर, एका दिवशी जमिनीवर, एका दिवशी डोळ्याच्या बरोबर उंचीवर फळीवर ठेवून काढला, फळीवर तोंडाची नुसती रेघच दिसते. आठ दिवस फक्त गुंड. त्या आठ दिवसांनी जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या दोन महिन्यांनी नाही.

त्यानंतर बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं चाक. हे मी आयुष्यभर चुकीचं काढत होती. तिरकं दिसणारं चाक काढायचं म्हणजे मी लंबगोल उभाच ठेवायची आणि मग आरे कसेही बसवायची, चाक मोडल्यासारखं दिसायचं. नियम एवढाच आहे की चाकाच्या लंबगोलाची आखूड बाजू आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, ज्या दिशेनं जाते त्या दिशेला असते. आधी आखाची रेघ मारा, त्यावर काटकोनात लांब बाजू, मग लंबगोल. बंडी उतारावर उभी असली, आख तिरका असला, तर लंबगोलही तेवढाच कलतो. मी बंडीच्या बाजूला अर्धा तास उभी राहून पेन्सिल लांब धरून, कोपर सरळ, एक डोळा मिटून मोजलं, आणि ते खरंच तसंच निघालं. त्या दिवशी एवढा आनंद झाला की स्वयंपाकाला उशीर झाला, कोणी काही म्हटलं नाही.

पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे जवळचं-दूरचं कसं दिसते त्याचं, सगळं काही लिहीत नाही, नुसती एक गोष्ट जी बाजाराच्या चित्राला कामी येते. डोळ्याची उंची म्हणजेच क्षितिजाची रेघ. सपाट जागेत आपण उभे असलो तर आपल्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे जवळ असो की दूर, त्याच एका रेघेवर येतात, वर सरकतात ते फक्त पाय. आर्वीच्या बाजारात उभं राहून बघा. शाळेत पाठ केलेल्या बाजारात मी मागची माणसं वर-वर चढवत नेली होती, डोकं पण वर आणि पाय पण वर, म्हणून तो बाजार टेकडीवर भरल्यासारखा दिसायचा. आणि खाली बसून काढलं की ती रेघही खाली येते, मग उभ्या माणसाचं डोकं तिच्या वर जाते.

पोराचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात होता, डबे काढून कंटाळा आला तेव्हा तो समोर घेतला. तो म्हणजे आयता डबा आणि नळ्यांचा सांगाडा आहे, धड एक लांब डबा, मान निमुळता नळा, वशिंड त्याच्यावर ठेवलेला गोळा. रोज एका बाजूनं वळवून पंधरा मिनिटं. महिनाभरानं गोठ्यातला खरा बैल काढायला बसली तर धड पटकन आलं, पाय फसले. लाकडी नंदीचे पाय खांबासारखे सरळ असतात, खऱ्या बैलाच्या मागच्या पायाला जो उलटा वाकलेला गुडघा दिसतो तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे, खरा गुडघा वर पोटाजवळ आहे. हे कळल्यावर बैल उभा राहिला. पायांमधली रिकामी जागा पण काढून पाहा, बैल विसरून फक्त त्या रिकाम्या जागेचा आकार, त्यात चूक लगेच दिसते.

आमचे बैल गवळाऊ, वर्धेकडची जात, पांढरे, मानेवर आणि वशिंडावर करडी झाक. पांढरा बैल पांढऱ्या कागदावर काढायचा म्हणजे काय, तर मी कडेची रेघ मारून आत कोरा सोडून द्यायची. तो बैल कागदाच्या पुतळ्यासारखा दिसे. मग एका सकाळी पुठ्ठ्याला पंचिंगनं भोक पाडलं आणि त्यातून आधी बैलाची सावलीतली बाजू बघितली, मग उन्हातलं अंगण. बाप्पा! पांढऱ्या बैलाची सावलीतली कूस त्या मातीच्या अंगणापेक्षा गडद होती. दोनदा-तीनदा बघितलं. डोक्याला माहीत आहे बैल पांढरा म्हणून ते आपल्याला पांढराच दाखवते, भोकातून बघितलं की नुसता रंग उरतो. आणि पोटाखाली बघा, तिथं अंधार पाहिजे असं वाटते, पण जमिनीवरचा उजेड उसळून पोटाला लागतो म्हणून सगळ्यात गडद पट्टा पोटाच्या थोडा वर, कुशीवर असतो. फक्त तो उसळलेला उजेड कधीही उन्हातल्या भागाएवढा उजळ करायचा नाही, मी केला होता, बैल आतून दिवा लावल्यासारखा दिसला.

हे सगळं सकाळी सात-आठच्या उन्हात. मे महिन्यात दुपारी काही करू नका, आमच्याकडं मेच्या शेवटी भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि सगळ्या वस्तू सपाट दिसतात, उकाडा आहे तो वेगळाच. रात्री लाईन गेली तर मी चार्जिंगचा दिवा एका बाजूला ठेवून वांगी, कांदे काढते. एकच उजेड असला की सावली एकच पडते, ट्यूबलाईटपेक्षा ते शिकायला चांगलं.

माणसांचं सांगायचं तर कापूस वेचणीनं शिकवलं. वेचणाऱ्या बाया थांबत नाहीत, अर्ध्या मिनिटात बाई पुढच्या झाडाला जाते, म्हणून चेहरा, बोटं सोडून फक्त पाठीचा बाक, कमरेचा कल, वजन कोणत्या पायावर आहे एवढंच. एका पानावर वीस-पंचवीस. माझा जास्त फायदा झाला तो कपड्यात. चुणी कुठून सुरू होते हे मला शिवताना माहीत आहे, ती ताण असते तिथून निघते, खांदा, कोपर, कंबर. कमरेला बांधलेली ओटी कापसानं भरत गेली की साडीच्या सगळ्या रेघा त्या गाठीकडं ओढल्या जातात, सकाळच्या आणि दुपारच्या स्केचमध्ये तो फरक दिसतो मला. बाही म्हणजे नळा आहे, कटिंग करताना आपण तोच नळा उघडून सपाट करतो. ज्या बाया शिवतात त्यांनी चित्र काढायला घाबरूच नये, अर्धं त्यांच्या हातात आहे.

सासूबाई तूर पाखडत होत्या तेव्हा त्यांना काढलं, दाखवलं तर म्हणाल्या, "काय वं, माहे पाय एवढुले हायेत का?" मी मोजलं, बरोबर होतं त्यांचं, मांडी घालून बसल्यावर गुडघे पुढं येतात ते मी आखूड केले होते. तेव्हापासून प्रत्येक चित्र मी त्यांना दाखवते. त्यांनी कधी पेन्सिल धरली नाही पण बसलेला माणूस कसा दिसते ते त्यांना माहीत आहे.

कोळशाबद्दल विचारतील म्हणून सांगते, विकतच्या चारकोलच्या काड्या मी फक्त दोनदा आणल्या. आता तुराट्यांच्या घरीच करते. वाळलेल्या सरळ तुराट्या बोटाएवढ्या लांब तोडून पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकण घट्ट, त्याला खिळ्यानं एक भोक, आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात. भोकातून धूर येत राहतो, धूर थांबला की डबा बाहेर. पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, हवा लागली की आतल्या काड्या पेटतात आणि राख होते, माझा पहिला डबा तसाच गेला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्यांच्या, पण करून पाहिल्या, त्या कडक होतात, कागद ओरबाडतात. तुरीची काडी मऊ, मोठ्या सावलीला मस्त. पानं एकमेकाला लागून पुसली जातात म्हणून मधे पेपर घालते.

अडचणी पण आहेत. वेचणीच्या आणि पेरणीच्या दिवसांत तास मिळत नाही, तेव्हा वीस मिनिटं, आणि जानेवारीत सलग नऊ दिवस काहीच झालं नाही. त्यानं काही बिघडलं नाही, दहाव्या दिवशी हात दोन पानांत परत आला. नुसते डबे काढायचे महिने कोरडे जातात हे खरं आहे, म्हणून तासातली शेवटची पंधरा मिनिटं मी मला आवडेल ते काढते, ते कोणाला दाखवत नाही, तपासत पण नाही. चेहरा अजून जमत नाही. समोरून जमते, तीन-चतुर्थांश दिसेल असा थोडा वळलेला असला की लांबचा डोळा पसरतो आणि नाक सपाट बसते. रंगाला मी हात लावलेला नाही, उजेड-सावली पक्की झाल्याशिवाय लावणार नाही.

पद्धत विचाराल तर माझी एवढीच आहे: पानावर तारीख, खाली एका ओळीत आज काय तपासायचं ते, आणि काढून झाल्यावर लाल पेननं त्याच पानावर चूक. "आख चुकला", "मान आखूड", "सावली दोन दिशांना" असं. लाल पेन नसेल त्या दिवशीचं पान वाया गेलं असं मी धरते. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू परत.

मागच्या आठवड्यात दिवाळीचं ते साठावं पान काढून त्याच्या बाजूला परवाचा बैल ठेवला. पोरगं बघत होतं, त्यानं बैलाच्या मागच्या पायावर बोट ठेवलं आणि म्हणाला हा आपला डावीकडचा आहे ना, जो पाय जरा टेकत नाही तो. डावीकडच्या बैलाला खुराला लागलं होतं, पंधरा दिवसांपासून तो तसाच उभा राहते. मी ते पानावर कुठं लिहिलं नव्हतं.

दुसरी रिम अर्धी झाली आहे. पाऊस लागून पेरणी आटोपली की आर्वीला जाऊन तिसरी आणीन, आणि तोपर्यंत सासूबाईंचा चेहरा, सकाळच्या उजेडात, ओसरीच्या दारातून, जोपर्यंत लांबचा डोळा जागेवर बसत नाही तोपर्यंत.