एक्का-राजा आणि एक्का-राणी: फ्लॉपआधी कोणावर किती लावायचं?

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात आपली दोन पानं उचलली आणि एक्का-राजा दिसला, की माणूस खुर्चीत सरसावून बसतो. एक्का-राणी दिसली तरी तसाच बसतो. घोळ तिथूनच सुरू होतो. दोन्ही हात सारख्याच वेळा येतात: प्रत्येकी 16 प्रकारांनी, म्हणजे साधारण 83 डावांत एकदा. दोन्हींत जोडी नाही. फ्लॉपवर, म्हणजे मध्ये उघडणाऱ्या पाच सामाईक पानांतल्या पहिल्या तिनांत, आपलं एखादं पान लागून जोडी होण्याची शक्यताही दोन्हींची तीच, 32 टक्के. मग फरक उरतो कुठे? समोरचा पैसे लावायला तयार होतो, तेव्हा त्याच्या हातात काय असतं यात.

माझं मत आधीच सांगते. एक्का-राजा घेऊन तुम्ही री-रेझलाही, म्हणजे तुमच्या रेझवर समोरच्याने आणखी वाढवलं तरी, उत्तर देऊ शकता. एक्का-राणी घेऊन पॉटमध्ये (मध्ये जमणाऱ्या पैशांत) पहिलं शिरावं, आणि पुढून जोर आला की बहुतेक वेळा सोडून द्यावं.

तुमच्याआधी कोणीच शिरलं नसेल तर फार विचार नको. दोन्ही हातांनी रेझ करा, म्हणजे रक्कम वाढवा, मोठ्या ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट. (ब्लाइंड म्हणजे दोन खेळाडूंनी डावाआधी सक्तीने लावायच्या रकमा, एक लहान, एक मोठी.) अगदी पहिल्या खुर्चीवरून, नऊ जणांच्या टेबलावर, वेगवेगळ्या रंगाची (एक इस्पिक, एक चौकट अशी) एक्का-राणी थोडी पातळ पडते, पण तरी चालते. नुसता कॉल करून, म्हणजे न वाढवता तेवढीच रक्कम भरून, आत सरकणं मात्र दोन्ही हातांना मारक आहे. पाच जण फ्लॉप बघायला आले की जोडी नसलेल्या हाताचं तेज जातं. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटींत मी बसले आहे, तिथे तीनपट रेझला चार-चार कॉल येतात. अशा टेबलावर मी चार-पाच पटीने सुरुवात करते. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचा ऑनलाइन पोकर बंद झाल्यापासून आपल्यातल्या बऱ्याच जणांची गाठ अशाच समोरासमोरच्या टेबलांशी पडते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

खरी कसोटी लागते ती आधी कोणी रेझ केलेला असतो तेव्हा. एक डाव मला पानापानासकट आठवतो. ब्लाइंड 50-100. पहिल्या खुर्चीवर साठीचे एक गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणत होते. दोन तासांत त्यांनी चार डाव खेळले असतील. त्यांनी 300 केले. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकट राणी. मी कॉल केला, बाकी सगळे गेले. पॉट 750. फ्लॉप पडला: किलवर एक्का, बदाम आठ, चौकट तीन. काकांनी 400 लावले, मी दिले. पुढचं पान पंजा, त्यांनी 1000 लावले, मी दिले. शेवटी दुर्री आली, त्यांनी चिप्सचे दोन ढीग शांतपणे पुढे सरकवले, 2200. मी तेही दिले, कारण माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती. त्यांनी एक्का-राजा उलटा केला.

3900 गेले, आणि ते एक्का लागला म्हणून गेले. एक्का लागलाच नसता तर 300 वर भागलं असतं. एक्का-राणीचं दुखणं नेमकं हे आहे. एक्का-राजासमोर ती पाचही पानं पडल्यावर चार डावांत जेमतेम एकदा जिंकते, आणि सगळ्यात जास्त पैसे हरते ती तिला हवं ते पान आल्यावर. एक्का-राजाच्या डोक्यावर मात्र बसणारा दुसरा बिनजोडीचा हात पत्त्यांत नाहीच. त्याला एक्का लागला की राणीवाला, गुलामवाला, दश्शीवाला एक्का घेऊन बसलेला प्रत्येक जण त्याला पैसे देतो.

म्हणून पहिल्या खुर्चीवरच्या मोजकं खेळणाऱ्या माणसाच्या रेझवर मी वेगवेगळ्या रंगाची एक्का-राणी आता टाकून देते. तोच रेझ बटणावरून (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या खुर्चीवरून) आला आणि मी ब्लाइंडमध्ये असले तर चित्र वेगळं. बटणवाला एक्का-नव्वी, राजा-दश्शी, वाट्टेल त्या हातांनी रेझ करतो, तिथे माझी एक्का-राणी पुढे असते आणि मी री-रेझही करते. एक्का-राजाला मात्र खुर्ची बघून घाबरायचं कारण नाही. तो जवळजवळ कुठूनही री-रेझ करतो.

आता तुम्ही रेझ केलात आणि समोरून री-रेझ आला. इथे आकडेच बोलतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडते. ब्लाइंड तेच, दोघांकडे 4000. तुम्ही 250 केले, बटणवाल्याने 800, दोन्ही ब्लाइंड गेले. पॉटमध्ये 1200 आहेत. तुम्ही ऑल-इन जायचं, म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या म्हणता. समजा तो राण्यांची जोडी किंवा वरचं काही, नाहीतर एक्का-राजा असेल तरच कॉल करणार आहे. गुलामांची जोडी, दश्शांची जोडी आणि एका रंगाचे एक्का-राणी, राजा-राणी, एक्का-पंजा हे हात तो सोडून देईल.

तुमच्याकडे वेगवेगळ्या रंगाचा एक्का-राजा असेल तर पत्त्यांतला एक एक्का आणि एक राजा तुमच्याच मुठीत आहे. त्यामुळे त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे 6 प्रकार 3 वर येतात, राजांच्या जोडीचेही 6 चे 3 होतात. कॉल करणारे प्रकार उरतात 21 आणि सोडणारेही 21. निम्म्या वेळा तुम्ही 1200 उचलता. उरलेल्या निम्म्या वेळी जिंकण्याची शक्यता 39 टक्क्यांच्या आसपास, आणि तिथे सरासरी 570 जातात. एकूण हिशेब: दर वेळी सुमारे 310 चा फायदा.

तोच डाव एक्का-राणीने खेळा. आता राजांच्या जोडीचे सहाही प्रकार शाबूत, एक्का-राजाचे 12. कॉल करणारे 24, सोडणारे 20. कॉल आला की जिंकण्याची शक्यता 25 टक्क्यांवर घसरते आणि सरासरी 1700 च्या वर जातात. दर वेळी सुमारे 390 चा तोटा. एका पानाचा फरक, आणि फायद्याचं बरोब्बर उलटं झालं.

स्पर्धेत चिप्स संपत आल्या, मोठ्या ब्लाइंडच्या बारा-पंधरा पटच उरल्या, की हे अंतर पुष्कळ कमी होतं. तिथे लोक लहान जोड्या आणि हलके एक्के घेऊनही ऑल-इन जातात, त्यामुळे एक्का-राणीही निर्धास्त लावावी.

एक्का-राजाबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. तो तयार हात नाही. राण्यांच्या जोडीसमोर तो वेगवेगळ्या रंगाचा असेल तर 43 टक्के, एका रंगाचा असेल तर 46. राजांच्या जोडीसमोर 30 आणि एक्क्यांसमोर 7. दुर्रीच्या जोडीसमोरही वेगवेगळ्या रंगाचा एक्का-राजा किंचित मागेच असतो. त्याला पाचही पानं बघायला मिळाली तर एक्का किंवा राजा लागण्याची शक्यता 32 वरून 49 टक्क्यांवर जाते. म्हणूनच फ्लॉपआधी सगळं आत टाकणं त्याला मानवतं, आणि री-रेझला नुसता कॉल करून फ्लॉप चुकला की पान टाकणं त्याला महागात पडतं.

दोन्ही पानं एका रंगाची असली तर काय? टक्के दोन-चारच वाढतात, पण एक्का-राणीसाठी ते फार मोलाचे आहेत. फ्लॉपवर रंगाचा ड्रॉ मिळण्याची, म्हणजे एकाच रंगाची चार पानं होऊन पाचव्याची वाट बघण्याची, शक्यता 11 टक्के, आणि ते पाचवं लागलं तर सगळ्यात मोठा रंग तुमचाच. काकांच्या रेझवर माझ्याकडे दोन्ही इस्पिकची असती तर मी आजही कॉल केला असता. 

1976 आणि 1977 ची पोकरची विश्वस्पर्धा लागोपाठ जिंकणारे टेक्ससचे डॉयल ब्रन्सन एक्का-राणीपासून लांब राहण्यासाठी ओळखले जात. दोन्ही वर्षी शेवटचा डाव त्यांनी दश्शी-दुर्री घेऊन जिंकला होता. मी राणीला इतकी टाळत नाही. बटणावरून आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवरून ती मला वर्षभर पैसे मिळवून देते.

एका ठिकाणी मात्र एक्का-राजालाही आवर घालते. दोघांकडे दोनशे ब्लाइंड असतील, माझ्या री-रेझवर काकांसारखा माणूस पुन्हा वाढवत असेल, तर त्याच्याकडे एक्के किंवा राजे सोडून फारसं काही नसतं. तिथे माझा वेगवेगळ्या रंगाचा एक्का-राजा मी पालथाच टाकून देते.