‘असणं म्हणजे काय’ ऑनलाइन कोर्स: ज्यांना हा प्रश्न छळतो त्यांनी घ्याच

अस्तित्वाच्या व्याख्येवरचा हा रेकॉर्डेड कोर्स कालच संपवला. पहिल्याच लेक्चरला सरांनी कागदाला पेनाने भोक पाडलं आणि विचारलं, हे भोक आहे का? आहे म्हणावं तर ते कशाचं बनलंय, आणि नाही म्हणावं तर माझं बोट आरपार गेलं कशातून? मी व्हिडिओ पॉज करून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचा भाग सगळ्यात भारी. १७८१ च्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ या पुस्तकात तो म्हणतो की खऱ्या शंभर नाण्यांत कल्पनेतल्या शंभरांपेक्षा एकही नाणं जास्त नसतं, म्हणजे ‘आहे’ हा लाल, गोल, जड यांच्यासारखा गुणच नाही, त्याने वस्तूच्या वर्णनात काही भर पडत नाही, खिशाला मात्र फरक पडतो. आणि मूळ अडचण तर अशी की कुठलीही व्याख्या करायला जा, वाक्यात ‘आहे’ किंवा ‘असणं’ येऊन बसतंच, मग जे समजावायचंय तेच आधी गृहीत धरलं ना आपण?

ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेल पण छान सोपा केलाय. ‘उडणारा घोडा नाही’ हे न-असलेल्या घोड्याबद्दलचं वाक्य नाहीच, उडणारं आणि घोडा असं दोन्ही असलेलं काहीच नाही, एवढंच ते सांगतं.

तक्रार एकच, अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाईनचा ‘काय काय अस्तित्वात आहे’ यावरचा १९४८ चा निबंध शेवटी घाईघाईत उरकलाय. संख्या आहेत की नाहीत हा वाद तिथेच रंगतो, त्याला अख्खं लेक्चर हवं होतं. पाचपैकी चार स्टार.