आठ महिन्यांची ओवी आणि पाच महिन्यांचं सेमी-ऑटोमॅटिक

आधीच सांगून टाकते, हे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन मी धुण्यासाठी घेतलं नाही. धुणं हाताने होत होतं. मला पिळायला कुणीतरी हवं होतं.

लेकीचा, ओवीचा, जन्म मार्चमधला. बाळंतपण वाईला, माहेरी. तिथे आईच्या पत्र्यावर लंगोट टाकले की तासाभरात पापडासारखे कडक. दिवसाला वीस लंगोट, पाच-सहा दुपटी, झबली, टोपडी, पण वाळायची काळजी कधी वाटली नाही. जूनच्या मध्यावर साताऱ्याला सासरी आले आणि चौथ्या दिवशी यवतेश्वरचा डोंगर ढगात गेला. तो मला नीट दिसला थेट गणपतीच्या आसपास.

आम्ही यादोगोपाळ पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर भाड्याने राहतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मोरी. पहिल्या पंधरवड्यात स्वयंपाकघर सोडून सगळीकडे दोऱ्या लागल्या. नवरा दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराला यायचा आणि ओल्या दुपट्याखालून वाकून पलंगापर्यंत जायचा. सासूबाईंनी त्यांच्या पद्धतीने शेगडीवर टोपलं पालथं घातलं आणि त्यावर लंगोट पसरले. लंगोट वाळायचे, पण धुराचा वास त्यांना आणि खोकला घरभर. बाळ असलेल्या खोलीत धूर नको, असं डॉक्टरांनी लसीच्या वेळी सांगितलं तेव्हा टोपलं बंद झालं.

त्याच वेळी माझं उजवं मनगट गेलं. अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची की चहाचं भांडं उचलवेना. अंगठ्याकडच्या स्नायूंच्या दोऱ्यांना सूज येते, नव्या आयांना हे फार होतं, असं डॉक्टर म्हणाले. कारणं दोन. बाळाला काखेत हात घालून उचलणं आणि पिळणं. बाळाला उचलायचं तर थांबवता येत नाही.

म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात राजवाड्याकडच्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. कंपनीचंही लिहीत नाही, कारण या प्रकारची सगळी मशीन साधारण एकाच मुशीतली असतात. साडेसात किलो कपडे मावणारं, दोन टबांचं (मोठ्यात धुणं, लहानात पिळणं), ११,४०० रुपयांना. बोर्डावर १२,९०० होते. बाकीचं सासूबाईंनी कमी केलं. त्या मशीनच्या विरोधात होत्या, पण घासाघीस करायची संधी त्यांनी सोडली नाही.

विक्रेत्या मुलाने आधी आम्हाला फ्रंट लोडपुढे, म्हणजे समोरून दार असलेल्या पूर्ण ऑटोमॅटिकपुढे, उभं केलं. "वहिनी, लहान बाळ आहे म्हणता, मग हेच घ्या. बटण दाबा आणि विसरा." वाईट मशीन नाही ते, माझ्या बहिणीकडे आहे. पण त्याला नळाचं सलग पाणी लागतं. आमच्याकडे कासचं पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, ते आम्ही पिंपात भरतो आणि दिवसभर तेच पुरवतो. शिवाय ते मशीन साठ किलोंच्या पुढे. आतमध्ये वजनासाठी काँक्रीटचा ठोकळाच असतो. आमची माडी लाकडी तुळयांवर, जमीन मातीची. मालकांनी ते वरती चढवूच दिलं नसतं.

आणि तिसरं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं, वापरताना कळलं. फ्रंट लोड एकदा सुरू केलं की दार कुलूपबंद. मध्येच काही काढायचं किंवा टाकायचं म्हटलं की थांबा. माझं सेमी-ऑटोमॅटिक मी म्हणेन तिथे थांबतं. तान्ह्या बाळाच्या घरात एकही काम सुरू केल्यावर सलग संपत नाही. भाकरी तव्यावर असते तेव्हा तिला शी होते. कुकरची दुसरी शिट्टी होते तेव्हा ती उठते. अर्धवट सोडलं तर रुसणारं मशीन मला परवडलं नसतं.

सकाळ कशी जाते ते सांगते. सहाला पाणी. पिंप भरताना नळी थेट मशीनच्या मोठ्या टबात सोडते, तेवढाच बादल्यांचा फेरा वाचतो. शीचे लंगोट आधी मोरीत हाताने खळबळून घ्यायचे, त्याला पर्याय नाही. कुठलंही मशीन ते तुमच्यासाठी करत नाही, जाहिरातीतली बाई काहीही म्हणो. सूचे लंगोट नुसत्या पाण्यातून एकदा काढून मग साबणात. साबण अर्धाच चमचा. मी सुरुवातीला भरपूर टाकायचे, वास जावा म्हणून. वास गेला नाहीच, उलट साबण कापडात बसून लंगोट गुळगुळीत झाले, पाणी शोषेनात आणि तिच्या मांडीला लाल चट्टे आले. तो सुवासिक मऊपणाचा द्रवही त्याच कारणाने बंद केला. आता साबण कमी आणि खळबळणं दोनदा.

मोठ्या टबात दहा मिनिटं. तेवढ्यात भाकऱ्या होतात. मग हात पुसून कपडे बाजूच्या लहान टबात टाकायचे. हा हात घालण्याचा उद्योग सेमी-ऑटोमॅटिकचा खरा वैताग आहे. ओले कपडे उपसताना कोपरापर्यंत हात भिजतात, गाऊनची बाही भिजते आणि हमखास तेव्हाच पाळण्यातून सूर निघतो. पण त्या लहान टबात चार मिनिटं फिरवल्यावर लंगोट बाहेर येतो तो पाहावा. निथळत नाही, जड नाही, गालाला लावला तर नुसता गार लागतो.

दुकानदार त्या टबाला 'ड्रायर' म्हणतो. ते खरं नाही. त्यात ऊब वगैरे काही नसते. भोकांचं पिंप मिनिटाला तेराशेच्या वर गरगरतं आणि पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं, बस्स. कपडा वाळत नाही, पिळला जातो. पण जुलैतल्या साताऱ्यात जो लंगोट दीड दिवस दोरीवर कुबट वास सोडत लटकायचा, तो पिळून निघाल्यावर पंख्याखाली अडीच-तीन तासांत तयार. आधी चाळीस लंगोट पुरत नव्हते, नंतर पंचवीसात भागलं. आणि मनगट, औषधापेक्षा याने बरं झालं असं माझं मत.

मी घरून दोन दुकानांचे हिशेब बघते. टॅली, बिलं, जीएसटी. नोकरीवालीला २०१७ पासून २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. माझ्यासारखीला जीएसटीचे रिटर्न भरायची महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख तशीच येते, बाळ दोन महिन्यांचं असो की आठ. त्यामुळे ती झोपते तो तास माझ्यासाठी सोन्याचा. इथे या मशीनचा एक गुण आणि एक अवगुण एकत्र येतात.

गुण असा, की मोठ्या टबाच्या घरघरीने ती झोपते. अंगाईने नाही, मांडी हलवून नाही. मशीन सुरू, की पाच मिनिटांत पेंगते. मी तर दोन-तीनदा रिकाम्या पाण्यावर चालवलंय, सासूबाई देवळात गेल्यावर. आणि अवगुण असा, की दहा मिनिटं झाली की हेच मशीन भोंगा वाजवतं. भोंगाच. साखर कारखान्याची पाळी सुटल्यासारखा. नुकतेच मिटलेले डोळे टक्क उघडतात आणि माझी बिलं तिथेच.

कंपनीच्या ग्राहक सेवेच्या माणसाने "तो बंद होत नाही मॅडम" एवढंच सांगितलं. उपाय मला अपघाताने सापडला. एकदा शेवटचा मिनिट राहिला असताना लाईट गेली. वेळेची चकती मात्र टिकटिक करत आपली आपण शून्यावर आली आणि भोंगा वाजलाच नाही. चकती चावीवर चालते, भोंगा विजेवर. तेव्हापासून मिनिटभर आधी भिंतीवरचं बटण बंद करते. तुमच्या मशीनलाही गोल फिरवायची चकती असेल तर करून बघा.

आता जमिनीचं. पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात मी गोधडी पिळायला टाकली. गोधडी एका बाजूला गोळा झाली आणि मशीन थडथड उड्या मारत मोरीपासून हातभर पुढे आलं. मी झाकण उघडलं, तेव्हा थांबलं. झाकण उघडताच फिरणं तुटतं आणि आतून ब्रेक लागतो, ही सोय चांगली आहे. तोवर खालून मालकीणकाकू वर आल्या होत्या. त्यांच्या हातात पूजेचं ताम्हन आणि ताम्हनात बोटभर माती.

"अगं, देवावर पडली गं सगळी," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवऱ्याने गॅरेजमधून जुन्या टायरचे चार तुकडे आणून पायांखाली घातले. आता फक्त हलकी थरथर. काकूंनी देव पलीकडच्या भिंतीला हलवले. गोधडी मी अजूनही दोघींनी धरून पिळते, एक टोक माझ्याकडे, एक सासूबाईंकडे. काही गोष्टी यंत्राला द्यायच्या नसतात.

खरी तक्रार ऑगस्टमधली. पिळायच्या टबात कपड्यांवर एक प्लास्टिकची भोकांची चकती दाबून बसवायची असते. ती बसवायचा कंटाळा मी एकदाच केला. चारच तर टोपडी होती. एक टोपडं उडालं, पिंपाच्या काठावरून घसरलं आणि पिंप आणि बाहेरची भिंत यांच्यामधल्या फटीत गेलं. पिंप गुरगुरायचं, फिरायचं नाही, जळका वास. बटण बंद केलं.

चूक माझी, मान्य. पण दुकानाने "वर्षभर घरपोच सेवा" म्हणून कागद दिला होता. फोन केला. "उद्या येतील." उद्या नऊ दिवसांनी उगवला. मधल्या काळात बाहेर धो धो पाऊस, गौरी तोंडावर, घरात पुन्हा तीन दोऱ्या. पाचव्या दिवशी पेठेतल्याच एका मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी मशीनपुढे मांडी घातली, विजेरी दातांत धरली, सायकलच्या तारेचा आकडा केला आणि दहा मिनिटांत टोपडं बाहेर काढलं. काळं पडलेलं, नाडी तुटलेली. अडीचशे रुपये घेतले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "चकती लावत जा बाळ." मला म्हणाले की ओवीला, कळलं नाही. नवव्या दिवशी कंपनीचा मुलगा आला, चालू मशीन बघितलं, कागदावर सही घेऊन गेला.

म्हणून माझा सल्ला असा, की घेताना दुकानाची गोड भाषा बघू नका, जवळ मिस्त्री कोण आहे ते बघा. आणि टोपडी, मोजे, लाळेरी असलं बारीकसारीक धुणं जाळीच्या पिशवीत घालून मगच टाका. बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळते. मी कांद्याची जाळी वापरते.

अजून काही बारीक गोष्टी. प्लास्टिकच्या टबात उकळतं पाणी ओतू नका, लंगोट उकळायचेच असतील तर पातेल्यात उकळा आणि कोमट झाल्यावर टाका. वजनाला हलकं आहे, टेम्पोवाल्या दोन पोरांनी अरुंद जिन्यातून सहज वर आणलं (माडी म्हणून दोनशे जास्त घेतले, बिलात ते नव्हतं). लाईट बिलात महिन्याला पन्नास-साठचाच फरक पडला. रात्रीसाठी आम्ही विकतचे डायपर वापरतो, एकच, त्यामुळे रात्रीचं धुणं नाही. दिवसाही तेच वापरा असं नणंद म्हणते. तिची दोन्ही मुलं शाळेत जातात, तिला आठवण राहिलेली नाही की एक डायपर दहा-बारा रुपयांना पडतो.

आता नोव्हेंबर संपत आलाय. लख्ख ऊन आहे, गच्चीवर लंगोट तासात वाळतात. ओवी रांगते, त्यामुळे लंगोट कमी झाले आणि गुडघ्यांवर माती लागलेल्या चड्ड्या वाढल्या. मशीन रोज चालतंच. सासूबाई त्याच्या झाकणावर मेथी निवडतात आणि भोंगा व्हायच्या आधी बटण बंद करायला माझ्याही आधी पोचतात. ओवीला मात्र मशीनजवळ एकटी सोडत नाही. धरून उभी राहते आणि वेळेच्या चकतीकडे हात जातो.

गेल्या आठवड्यात पाणी सोडायच्या नळीचा आकडा तुटला. नवीन आकडा दुकानात 'मागवावा लागेल'. तूर्तास नळी मशीनच्या कडीला बांधून ठेवलीय, त्या काळ्या टोपड्याच्या उरलेल्या नाडीने.