पाच वर्षांच्या लेकराला घेऊन पहिला डोंगर: सिंहगड, लोहगड की कळसूबाई?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतंच, 'यंदा पोराला घेऊन कळसूबाई करू या.' कळसूबाईच का, तर १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि फोटोखाली लिहायलाही बरं दिसतं. आम्हीही तेच केलं. लेक साडेपाच वर्षांची होती आणि शेवटच्या शिडीच्या अलीकडून आम्ही परत फिरलो. नंतरच्या दीड वर्षात सिंहगड तीनदा झाला, लोहगड दोनदा, आणि सात पूर्ण झाल्यावर कळसूबाई. म्हणजे क्रम अगदी उलटा पडला. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवते.

आधी चढाचा हिशेब. सिंहगडाला आतकरवाडीकडून पायी जायचं तर अडीच-पावणेतीन किलोमीटरची वाट आणि सुमारे ६०० मीटर चढ. रोज जाणारे पुणेकर तासाभरात वर पोचतात. आपण लेकरासोबत अडीच तास धरावेत. लोहगडाला गाडी थेट लोहगडवाडीपर्यंत जाते आणि तिथून पायऱ्याच पायऱ्या. मोठ्यांना अर्धा-पाऊण तास, आम्हाला सव्वा तास लागला. मळवली स्टेशनवरून भाजे गावातून चालत येण्यात मजा आहे, पण ती मोठ्यांची. गायमुख खिंडीपर्यंतच पोर दमतं आणि खरा गड सुरू होतो तेव्हा त्याचा 'मूड' संपलेला असतो. कळसूबाईला बारी गावातून जवळजवळ ९०० मीटर चढायचं. मोठ्यांना तीन तास, आम्हाला पाच.

पण एवढ्यावरून ठरवू नका. मुलाला डोंगर मीटरमध्ये कळत नाही, पायरीच्या उंचीत कळतो. लोहगडाच्या काही पायऱ्या आपल्याला सहज चढता येतात, पण तिच्या त्या गुडघ्याच्या वर येत होत्या. दर पायरीला ती हात टेकून, एक पाय वर घेऊन, मग स्वतःला ओढून घेत होती. आपल्या एका पायरीत तिच्या तीन हालचाली. तरी लोहगडावर ती कुरकुरली नाही, आणि त्याचं श्रेय दरवाजांना. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे वळणावळणावर येतात. प्रत्येक दरवाजात सावली, बसायला जागा, आणि 'आता किती राहिले?' या प्रश्नाला खरं उत्तर. 'आलंच आता' हे खोटं एकदाही बोलावं लागलं नाही. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे. लेकीला त्याचं काही नव्हतं. तिला दरवाजाच्या आडोशाला लपून बाबाला भॉक करायचं होतं.

कळसूबाईवर असे टप्पे नाहीत असं नाही, पण ते टप्पे म्हणजे शिड्या. लोखंडी, दोन्ही बाजूंना धरायला कठडे, तीन-चार ठिकाणी. चढायला त्या वाटतात तितक्या अवघड नाहीत आणि मुलं तर खुशीत चढतात. अडचण दुसरीच. पायऱ्यांच्या फटीतून खालचं दिसतं. वर जाताना नजर वर असते म्हणून चालतं. उतरताना मूल एकदा खाली बघतं आणि तिथेच कठड्याला चिकटून बसतं. मागून माणसं येत असतात, खालून चढणारे थांबलेले असतात, कुणीतरी 'अरे चल बाळा, घाबरायचं नाही' म्हणत असतं, आणि त्याने मूल आणखी घट्ट धरतं. आम्ही शेवटी जमवलं ते असं: शिडीकडे तोंड करून, मी दोन पायऱ्या खाली, माझे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी कठड्यावर, आणि पाय कुठे ठेवायचा ते मी सांगायचं. 'डावा खाली. अजून. हां, टेकला.' घाई करणाऱ्यांना आधी पुढे जाऊ द्यायचं. रविवारी हे करून बघू नका.

हे दुसऱ्या खेपेचं. पहिल्या वेळी शेवटची शिडी चढलोच नव्हतो. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथे बसलो होतो. वारा सुटलेला, शिडीपाशी रांग लागलेली, लेक लिंबूसरबताचा पेला दोन्ही हातांत धरून गप्प. ती गप्प झाली की समजायचं. पाऊण वाजला होता. नोव्हेंबरात सहाच्या आत सूर्य जातो आणि उतरायला तिच्या पायांनी चार तास. नवरा म्हणाला, 'इतकं आलोय तर...' आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं. फिरलो.

बरं झालं फिरलो, कारण उतरणं चढण्यापेक्षा कठीण निघालं. पावसाळा संपून वाट वाळली की बारीक मुरमाचा घसारा होतो. मोठा माणूस टाच रोवून उतरतो; पाच वर्षांच्या मुलाला ते वजनही नसतं आणि युक्तीही नसते. ती सहा-सात वेळा बसून घसरली, पहिल्या दोनदा हसली. शेवटचा तास तिला बाबाच्या खांद्यावर काढावा लागला. सतरा-अठरा किलो खांद्यावर घेऊन उतरलेल्या त्या गुडघ्याने पुढे आठवडाभर जिने चढू दिले नाहीत.

माझ्या मते या तिघांमधला खरा फरक हाच आहे. मूल अर्ध्यात थकलं तर पुढे काय? सिंहगडावर वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. पायी चढा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, आणि खाली जीपने या. अर्धा डोंगर, तोही सोपा अर्धा, मुलाच्या वाट्याला. (जीप तुमच्या गाडीपाशी सोडते की अलीकडे कुठे, ते बसण्याआधी विचारा.) लोहगडावर जीप नाही, पण कुठूनही मागे फिरलात तरी अर्ध्या तासात वाडीत. कळसूबाईला चढलेला प्रत्येक मीटर स्वतःच्या पायांनी, नाहीतर बाबाच्या गुडघ्यांनी, परत करावा लागतो. त्यामुळे तिथे 'दमलो की परत येऊ' हा बेत चालत नाही. दमायच्या आधी परत फिरावं लागतं, आणि ते आईबापांना जमत नाही.

पाठीवरच्या कॅरिअरबद्दल खूप जण विचारतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तो ठीक, तोही लोहगडावर. तो घालून चढणारा घामाने निथळत असतो आणि वर बसलेलं मूल हालचालीविना गारठत असतं. थंडीत त्याच्या पायांना हात लावून बघत राहा. शिवाय मुलाचं डोकं आपल्या डोक्याच्या वर असतं हे आपण विसरतो. करवंदीच्या फांद्या आणि दरवाजांच्या कमानी आपण वाकून चुकवतो, त्याला लागतात. कळसूबाईच्या शिड्यांवर कॅरिअर नकोच. पाच वर्षांच्या मुलासाठी तर कुठेच नको. तो असला की मूल चालतच नाही.

ऋतूचं थोडक्यात. भर पावसात तिन्हीकडे लहान मुलाला नेऊ नये असं मी म्हणेन. लोहगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्याच पायऱ्यांवर माणसाला माणूस खेटून असतो. सिंहगडाच्या घाटात दरडी येतात, मग रस्ता बंद. मार्चपासून पुढे कळसूबाई नको, वाटेवर सावली फार थोडी. राहिले ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सप्टेंबरच्या शेवटी सोनकीची पिवळी फुलं फुललेली असतात आणि तेव्हा कळसूबाईची वाट फार देखणी दिसते, पण नवरात्रात देवीला गर्दी असते, तेवढे दिवस टाळा.

खाण्यात सिंहगडाशी कुणाची बरोबरी नाही, आणि मुलाला वर भजी मिळणार हे माहीत असलं की ते अर्धा तास जास्त चालतं. बारीत चढायच्या आधी एखाद्या घरी सांगून ठेवलं तर उतरल्यावर गरम भाकरी तयार असते. लोहगडावर डबा आपला न्या, पण हातात उघडी पिशवी नको. माकडं टपलेलीच असतात. आमची चकली गेली ती थेट लेकीच्या हातातून, आणि त्या प्रसंगाचं रडू पुढे विंचूकाट्यापर्यंत टिकलं. विंचूकाटा म्हणजे गडाची लांब निघालेली चिंचोळी सोंड. तिथे जायला थोडा कातळ उतरावा लागतो; कोरड्या दिवसांत हात धरून जमतं, नाहीतर लांबूनच बघावा.

एका बाबतीत मात्र कळसूबाई दोघांनाही मागे टाकते, ती म्हणजे गोष्ट. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही अशा अटीवर कळसू कुणाकडे कामाला राहिली. तरी ती कामं सांगितली, तशी ती निघाली आणि डोंगरावर जाऊन राहिली, ती कळसूबाई. सिंहगडावर तानाजीची गोष्ट सांगून झाली होती, तीही आवडली होती. पण ही घरी आली. खेळणी आवरायला सांगितलं की आमच्याकडे अजून उत्तर मिळतं, 'मी कळसूबाई आहे.'

तर कुणी काय निवडावं? मूल चार ते सहाचं आणि पहिलाच डोंगर असेल तर सिंहगड, चढताना पायी आणि उतरताना जीप. आजी-आजोबा सोबत असतील तर डोळे मिटून हाच. त्यांना डब्यासकट गाडीने वर पाठवायचं आणि मुलाला 'आजीला गाठायचंय' एवढंच सांगायचं. दोन मुलं असतील, एक कडेवरचं, तर लोहगड. तिथे एकाने धाकट्याला घेऊन गणेश दरवाज्यात बसून राहिलं तरी कुणाचा दिवस फुकट जात नाही. आणि मुलाने नकारच दिला तर भाज्याची लेणी जवळच आहेत. कळसूबाई सात-आठला, आधी दोन-तीन गड पायाखालून गेल्यावर, शक्यतो मधल्या वारी आणि उजाडतानाच बारीतून निघून. सूर्योदयासाठी लोक रात्री चढतात, त्यांच्या नादी लागू नका. परत फिरायची वेळ घरूनच ठरवा. आमची बाराची होती. दुसऱ्या खेपेला सव्वाअकराला देवळात पोचलो. अलंग-मदन-कुलंग हे तीन गड ओळीने दिसत होते आणि लेकीला भंडारदरा धरणाचं पाणी आधी दिसलं.

राजगड या यादीत का नाही, असं विचारणारे भेटतातच. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट शेवटी उभ्या कातळावरून, रेलिंग धरून जाते. ती लहान मुलाला नाही. पालीकडची पायऱ्यांची वाट सोपी आहे, पण दिवस मोठा आणि बालेकिल्ल्याचा चढ पुन्हा उभाच. आमचा पुढच्या हिवाळ्यात विचार आहे, पालीकडून, आणि बालेकिल्ला बहुतेक न करता.