बेलापूरच्या कौलारू घराची दुरुस्ती : पाचपैकी साडेतीन गुण

नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं आमचं घर सासऱ्यांनी सिडकोकडून घेतलेलं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वसाहत 1980च्या दशकात उभी राहिली. आमच्या बाजूला आता मूळ रूपातली घरं बोटावर मोजण्याइतकी उरलीत. बाकीच्यांनी पाडून स्लॅबचे बंगले उठवले. आर्किटेक्चरची पोरं कॅमेरे घेऊन येतात तेवढ्यापुरतं आमच्या घराला महत्त्व. नातेवाईक मात्र "तुम्ही कधी बांधताय?" असं विचारतात, जणू आम्ही तंबूतच राहतो.

गळतीसाठी बोलावलेल्या दोन कंत्राटदारांनी पाच मिनिटांत "पाडा" सांगितलं. तिसरी ही जोडी : एक तरुण आर्किटेक्ट आणि तिचा पेणचा मिस्त्री. ती म्हणाली, पाऊस पडू दे, मग बघते. जुलैत पारसिकच्या डोंगरावरून धो धो कोसळत असताना आली आणि पाणी कुठून कुठे उतरतं ते दोन तास खडूने भिंतीवर आखत बसली. तिथेच मी काम हिला द्यायचं ठरवलं.

दिवाळीनंतर सुरुवात झाली. मिस्त्रीने सगळी कौलं उतरवून चौकात मांडली आणि एकेक बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. खणखणीत वाजलं ते डावीकडे, बद्द वाजलं ते उजवीकडे. सरसकट नवी घाला म्हणून मी मागे लागले होते. बाद झाली फक्त सव्वाशे. नव्यांच्या खाचा जुन्यांत बसेनात, म्हणून उरणच्या एका पडक्या घराची आणली. खरा रोग निराळाच होता. वाळवीने कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, पोखरल्या होत्या, त्यामुळे कौलं खचून पाणी उलटं आत शिरत होतं. इतकी वर्षं आम्ही कौलांना शिव्या घालत होतो!

भिंतींचंही तसंच. ओल थांबावी म्हणून आम्हीच एकदा प्लास्टिक पेंट मारून घेतला होता. आतली ओल आतच कोंडली आणि पोपडे सुटले. यांनी तो खरवडला, भिंती महिनाभर तशाच उघड्या ठेवल्या आणि मग चुना दिला. खिडक्यांना मला ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग हव्या होत्या. मिस्त्रीने झडपांची कुजलेली खालची वीतभर पट्टी कापून तिथे सागवान सांधलं. रंग दिल्यावर सांधा मलाही सापडत नाही.

आता तक्रारी. 45 दिवस सांगून गुढीपाडवा उजाडला. मध्ये बारा दिवस मिस्त्री गावी, फोन बंद. शिवाय इथे सात घरांत मिळून 8 मीटर बाय 8 मीटरचा एक चौक. त्यात आमची कौलं आणि राडारोडा पसरल्यावर बाकी सहा घरांनी काय ऐकवलं असेल! पोरांचं क्रिकेट बंद पडलं ते वेगळंच. राडारोडा शेवटी मीच टेम्पो सांगून उचलला.

एका गोष्टीला मात्र त्यांचा इलाज नव्हता. प्रत्येकाला आपलं घर हवं तेव्हा वाढवता यावं म्हणून कोरियांनी दोन घरांत सामाईक भिंत ठेवलीच नाही. शेजाऱ्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला आणि आता दोन घरांत जेमतेम फूटभर फट राहिली. तिथे ना परांची लागते ना माणूस शिरतो. ती भिंत तशीच राहिली, पोपड्यांसकट.

खर्च 6 लाख 80 हजार. आमच्या ह्यांच्या मते एवढ्यात निम्मा स्लॅब पडला असता. पण मे महिन्यात दुपारी माडीवर पंखा मंद ठेवून घोरतात तेही हेच.

मोरीवरचं एक कौल अजून ठिबकतंय. मिस्त्री रविवारी येतो म्हणालाय. हा तिसरा रविवार.