दस्ताच्या सॉफ्टवेअरमध्ये कोलाबोरा ऑनलाइन बसवलं, त्याला आता आठ महिने झाले

शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास बसणाऱ्या वकिलांसाठी आम्ही दस्त तयार करायचं सॉफ्टवेअर चालवतो. पक्षकारांची नावं, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा भरल्या की साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्राचा मसुदा तयार होतो. आधी त्यात साधा एचटीएमएल एडिटर होता. त्याला पान म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मग वकील फाइल उतरवून घ्यायचे, वर्डमध्ये दुरुस्त करायचे, आणि ती दुरुस्त प्रत आमच्याकडे कधीच परत यायची नाही.

म्हणून कोलाबोरा ऑनलाइन घेतलं. हा ब्राउझरमध्येच वर्डसारखं काम करू देणारा एडिटर, लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या इंजिनावर चालतो. आपल्या स्क्रीनवर आयफ्रेम, म्हणजे एडिटर दाखवणारी चौकट, ठेवायची आणि सर्व्हरवर वोपी (एडिटर आणि आपला सर्व्हर यांच्यातल्या फाइलींच्या देवाणघेवाणीचे नियम) प्रोटोकॉलप्रमाणे तीन गोष्टींची सोय करायची: फाइलची माहिती सांगणं, फाइल देणं, बदललेली फाइल परत घेणं. एवढं दोन दिवसांत झालं. सेव्हचं बटण आमचंच ठेवायचं होतं, म्हणजे ते दाबल्यावर आमच्या पानाने एडिटरला संदेश पाठवायचा. तिथे मात्र अख्खी दुपार गेली. आपल्या बाजूने आधी 'होस्ट पोस्टमेसेज रेडी' हा संदेश गेल्याशिवाय एडिटर आपलं काहीच ऐकत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका वकीलबाईंचा फोन आला. आठ पानांचं साठेखत नऊ पानांचं झालं होतं आणि नवव्या पानावर नुसत्या साक्षीदारांच्या सह्या उरल्या होत्या. मजकुराविना सह्यांचं पान कोण मान्य करणार? चूक आमची होती. पान सर्व्हरवर मांडलं जातं आणि ब्राउझरकडे त्याची तुकड्यातुकड्यांनी चित्रं येतात. म्हणजे वकिलाच्या मशीनवर मंगल फाँट असून काही उपयोग नाही, तो सर्व्हरवर हवा. सर्व्हरवर कोलाबोरा ज्या डॉकर कंटेनरमध्ये (स्वतंत्र बंदिस्त कप्प्यात) चालतं त्यात तो नव्हता, बदली फाँटच्या ओळी उंच होत्या, त्यामुळे मजकूर खाली सरकला. सगळे साचे आम्ही नोटो सान्स देवनागरी या फाँटवर आणले आणि तो सर्व्हरवर ठेवला, तेव्हा पानं जागेवर आली.

मग अक्षराचा आकार. शीर्षक १६ ठेवलं तरी इंग्रजी तेवढं मोठं, मराठी आहे तसंच. डॉकएक्स, म्हणजे वर्डच्या फाइलीत आकार दोन ठिकाणी लिहिलेला असतो: एक रोमन लिपीसाठी, दुसरा देवनागरीसारख्या जटिल लिपींसाठी. साचे तयार करणारा आमचा कोड पहिलाच लिहीत होता. वर्षानुवर्षं हे आमच्यापैकी कुणाच्या नजरेला आलं नव्हतं, कारण वकील वर्डमध्ये हाताने नीट करून घेत होते.

सगळ्यात बारीक चूक पकडली ती एका टंकलेखक काकांनी. प्रिंट हातात धरून म्हणाले, "अहो, हा श आपला नाही. आणि ल पण बघा." खरंच, दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची होती. देठाचा श आणि पाकळीचा ल हे मराठीचे. २००९ च्या शासन निर्णयातही तेच प्रमाण धरलेत. फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, कोणतं उमटवायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं. आमच्या साच्यात भाषा हिंदी म्हणून नोंदलेली होती. ती मराठी केली आणि काकांचा श परत आला. मला या आठ महिन्यांत झालेल्या कामांपैकी हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

घेण्याआधी दोन गोष्टी माहीत असू द्या. उघडलेल्या प्रत्येक दस्तासाठी सर्व्हरवर वेगळी प्रोसेस चालते, त्यामुळे रॅम हात राखून घेऊ नका. आणि टाइप केलेलं अक्षर सर्व्हरवर जाऊन परत येतं. कोर्टाच्या आवारातल्या मोबाइल नेटवर ते जाणवतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फायलींना तर कोणताच एडिटर तारणार नाही, त्यांचं रूपांतर आम्ही वेगळं केलं.

तरीही मी हेच परत निवडेन. दुरुस्त प्रत आता आमच्याकडेच राहते, कुणी काय बदललं ते ट्रॅक चेंजेसमध्ये दिसतं. अपडेट चढवण्याआधी आम्ही चाळीस जुने दस्त कोलाबोराच्याच पीडीएफ सोयीतून काढतो आणि पानं मोजतो. एकाचंही पान वाढलं, की अपडेट थांबतं.