वीस्बाडनर ह्युटे (डोंगरातली मुक्कामाची हट): आल्प्समधल्या सिल्व्रेटा डोंगररांगेत स्की टूर (स्कीवरूनच चढून मग घसरत उतरणं) करणार असाल तर इथे दोन रात्री राहाच

म्युनिकहून आम्ही चौघं मित्र मार्चमध्ये गेलो, याम्टाल ह्युटे या दुसऱ्या हटवरून निघून वाटेत ड्रायलेंडरश्पिट्झ हे शिखर (३१९७ मी.) केलं, शेवटचा कातळ स्की खाली ठेवून चढायचा, आणि २४४३ मीटरवरच्या या हटवर पोचलो तेव्हा पाय पार गळालेले. गरम सूप मिळालं आणि जीवात जीव आला! बूट आणि स्किन्स (चढताना घसरू नये म्हणून स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्या) सुकवायची खोली एकदम झकास, सकाळी स्किन्सचा गोंद कोरडा असला की अर्धी लढाई जिंकली. काउंटरवरच्या ताईंनी रात्रीच ग्लेशियरवरच्या भेगा कुठे आहेत ते नकाशावर दाखवलं. पहाटे पीत्स बुइन शिखर, ३३१२ मी., दोर बांधूनच जा. उतरताना ओक्सनटालर ग्लेशियरवर जी पावडर (भुसभुशीत ताजा बर्फ) मिळाली ना, अजून डोळ्यांसमोर आहे. वीकेंडचं बुकिंग मात्र खूप आधी करा.